एल-१ वर अमेरिकेला निघालात? आधी स्वतःची फाइल वाचा

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा, लॉटरीने मिळणारा नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. तेव्हापासून 'याला एल-१ वर पाठवता येईल का?' हा प्रश्न आयटी कंपन्यांत जास्तच विचारला जाऊ लागला आहे. एल-१ व्हिसा म्हणजे आपल्याच कंपनीच्या तिकडच्या ऑफिसात बदली, लॉटरी नाही, वार्षिक कोटा नाही आणि तो एक लाखाचा भारही नाही. व्हिसा चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो एचआरच्या एका ठरलेल्या वाक्याला: 'लीगल टीम सगळं बघतेय, तू फक्त मुलाखतीला जा.'

अर्ज कंपनीचा असतो हे खरं. पण मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी शपथ घेऊन उत्तरं तुम्ही देता. कंपनीच्या पत्रातलं काम आणि तुमचं खरं काम यांत तफावत निघाली आणि ती जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे असं अधिकाऱ्याने ठरवलं, तर प्रवेशाची कायमची बंदी तुमच्या नावावर लागते. कंपनी उद्या दुसऱ्या माणसाला पाठवेल. म्हणून सपोर्ट लेटर (तुमचं पद आणि काम सांगणारं कंपनीचं पत्र), फॉर्म आय-१२९एस (कंपनीच्या 'ब्लँकेट' मंजुरीवर भरायचा फॉर्म) आणि डीएस-१६० (तुमचा ऑनलाइन व्हिसा अर्ज) या तिन्हींची प्रत मुलाखतीच्या निदान आठवडाभर आधी मागा आणि शब्द न् शब्द वाचा. 'गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर मान्य करू नका. त्यात तुमचाच पगार, तुमचंच पद आणि तुमचंच काम लिहिलेलं असतं.

पहिली अट सगळ्यांना पाठ असते, पण मोजायला चुकतात. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या ऑफिसात पूर्ण वेळ नोकरी हवी. मधेच सहा आठवडे बिझनेस व्हिसावर अमेरिकेला जाऊन आला असाल तर सलगता मोडत नाही, पण ते सहा आठवडे वर्षातून वजा होतात. रुजू झाल्याला बरोबर बारा महिने झाले म्हणून अर्ज टाकला आणि मधला दौरा विसरला, तर अर्ज तिथेच आपटतो.

मग प्रकार. एल-१ए हा मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्हसाठी, कमाल सात वर्षं. एल-१बी हा 'विशेष ज्ञान' असलेल्यांसाठी, कमाल पाच वर्षं. एल-१ए वाल्याला पुढे ग्रीन कार्डसाठी मॅनेजरांच्या वर्गातून अर्ज करता येतो आणि लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) पायरी टळते. त्यामुळे पद फुगवण्याचा मोह कंपनीलाही होतो आणि कर्मचाऱ्यालाही. आपल्याकडे टीम लीडच्या कार्डावरसुद्धा 'मॅनेजर' छापलेलं असतं, पण अमेरिकेच्या नियमांतली व्याख्या वेगळी आहे. हाताखालचे लोक पदवीधर व्यावसायिक तरी हवेत किंवा स्वतः सुपरवायझर तरी. माणसं नसतील तर कंपनीचं एखादं महत्त्वाचं कार्य वरच्या पातळीवर तुमच्या ताब्यात असायला हवं. शिवाय दिवसाचा मुख्य वेळ त्याच कामात जायला हवा. ऑर्ग चार्टवर आठ नावं आणि प्रत्यक्षात दिवसभर स्वतःच कोडिंग, ही केस मी एल-१ए म्हणून पाठवूच नये असं म्हणेन.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते एल-१बी वर. मोठ्या कंपन्यांकडे 'ब्लँकेट' मंजुरी असते: कंपन्यांमधलं नातं अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने आधीच तपासलेलं असतं, आणि तुमची पात्रता थेट वकिलातीतला अधिकारी ठरवतो. त्याच्याकडे काही मिनिटं असतात. ब्लँकेटमध्ये शंकेला जागाच नाही, केस स्पष्टपणे मंजूर करण्याजोगी नसेल तर तो नाकारतो. अशा वेळी कंपनीला इमिग्रेशन खात्याकडे स्वतंत्र अर्ज करता येतो, पण आधीचा नकार रेकॉर्डवर राहतो आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो सांगावा लागतो.

अधिकारी विचारतो, 'तुमचं विशेष ज्ञान काय?' यावर 'जावा, एडब्ल्यूएस, दहा वर्षांचा अनुभव' हे उत्तर म्हणजे हातानेच दार लावून घेणं. ही कौशल्यं अमेरिकेत लाखोंना येतात. उत्तर असं हवं: 'आमच्या कंपनीने विमा दाव्यांसाठी स्वतःचं इंजिन बनवलंय. त्याचं नियम-मॉड्यूल मी तीन वर्षं लिहितोय. नव्या माणसाला ते हाताळायला नऊ महिने लागतात. पुण्यातल्या चाळीस जणांत ते चौघांनाच येतं आणि अमेरिकेच्या ऑफिसात कोणालाच येत नाही.' कंपनीची स्वतःची वस्तू, शिकायला लागणारा काळ, ते येणाऱ्यांची संख्या आणि तिथे तुमची गरज, या चार गोष्टी यात आल्या. आकडे अर्थातच तुमचे खरे हवेत आणि पत्रातल्याशी जुळायला हवेत. पत्रात सहा महिने आणि तोंडी नऊ, एवढ्यावरूनही केस लटकते. आणि मुळात असं काही ज्ञान तुमच्याकडे नसेल, तर पाठांतर करून जाऊ नका. ती एल-१बी ची केसच नाही.

क्लायंटच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. २००४ च्या कायद्याने एल-१बी वर माणूस भाड्याने पुरवणं बंद केलं. मुख्यतः क्लायंटकडे काम असेल तर तुमच्यावर देखरेख आणि नियंत्रण तुमच्याच कंपनीचं हवं, आणि ते काम तुमच्या कंपनीच्या विशेष ज्ञानाशी बांधलेलं हवं. क्लायंटचा मॅनेजर रोज सकाळी कामं वाटतो, रजाही तोच मंजूर करतो, अशी सोय असेल तर केस कच्ची आहे. तिकडे गेल्यावरही इमिग्रेशनचे अधिकारी न सांगता ऑफिसात येऊन बॉस कोण, काम काय, पगार किती हे विचारू शकतात. म्हणून पत्राची प्रत तिथेही जवळ ठेवा. तुम्हाला वेगळ्याच प्रकारच्या कामाला लावलं तर सुधारित अर्ज भरला का, हे लेखी विचारा.

आता तारखा. ब्लँकेटवर मंजुरी मिळाली की शिक्का-सही असलेली आय-१२९एस ची प्रत परत मिळते. ती हँडबॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत नको. भारतीयांना व्हिसाचा स्टॅम्प बऱ्याचदा पाच वर्षांचा मिळतो, पण आय-१२९एस तीन वर्षांचा असतो. आणि किती दिवस राहता येईल हे या दोन्हींवर ठरत नाही, आय-९४ वर (प्रवेशाच्या वेळी होणारी, मुक्कामाची शेवटची तारीख असलेली नोंद) ठरतं. विमानतळावरून बाहेर पडलात की त्याच दिवशी ऑनलाइन आय-९४ उघडून बघा. पासपोर्ट वर्षभरातच संपत असेल तर अधिकारी आय-९४ ही बहुधा तिथवरचाच देतो. नंतर पासपोर्ट नवा झाला तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. मुदत संपण्याआधी बाहेर जाऊन परत यावं लागतं किंवा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. हे लक्षातच न येता १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षांची प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. पासपोर्टला चार वर्षं तरी शिल्लक नसतील तर निघण्याआधीच नवा करून घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे.

पैशाचं बोलायला आपली माणसं संकोचतात आणि तिथेच नुकसान होतं. एच-१बी ला असतं तसं 'प्रचलित वेतन' (त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार) देण्याचं बंधन एल-१ ला नाही. पगार भारतात आणि वर भत्ता, अशीही व्यवस्था चालते. पण किमान वेतनाचा कायदा लागू आहेच. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटमध्ये एका कंपनीने बंगळूरहून आणलेल्या आठ जणांना तासाला १.२१ डॉलर या हिशेबाने रुपयांत पगार दिला होता. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने तिला थकबाकीपोटी चाळीस हजारांहून जास्त डॉलर भरायला लावले. अमेरिकेच्या पेरोलवर, त्या शहराच्या घरभाड्याला पुरेल असा पगार लेखी घ्या. शिवाय तिकडच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापले जातात. पेन्शनसाठी साधारण दहा वर्षं भरणा लागतो आणि एल-१बी पाचातच संपतो. जर्मनी किंवा जपानला बदली झाली तर ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट (भारतात पीएफ भरत असल्याचा दाखला) घेऊन तिथली पेन्शन कपात टाळता येते, कारण त्यांच्याशी भारताचा करार आहे. अमेरिकेशी नाही. हा सरळ अन्याय आहे आणि पगार ठरवताना तो भरून मागण्यात काहीच गैर नाही.

जोडीदाराच्या बाबतीत मात्र एल चांगला आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला वेगळं वर्क परमिट लागत नाही. आय-९४ वर 'एल-२एस' लिहिलेलं असलं की पुरे. नुसतं 'एल-२' आलं असेल तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर नोकरीच्या पहिल्याच दिवशी कागद अडतील.

शेवटचा मुद्दा मुदतवाढीचा. पाच किंवा सात वर्षं मोजताना फक्त अमेरिकेत काढलेले दिवस धरतात. गणपतीला, लग्नकार्याला घरी येऊन राहिलेले दिवस परत मागता येतात, पण ते सिद्ध तुम्ही करायचे. आधी एच-१बी वर काढलेला काळही याच मर्यादेत मोजला जातो. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो प्रत्येक प्रवासानंतर एका फोल्डरमध्ये टाकत चला. कंपनीने मुदतवाढीच्या वेळी प्रवासाच्या तारखा मागितल्या नाहीत, तर तक्ता करून तुम्हीच पाठवा आणि ते दिवस अर्जात धरले का, हे वकिलाकडून लेखी घ्या.