नऊ नंबरची जागा रिकामी आहे

मडगावला १४ ऑक्टोबर २०२५ ला भारत सिंगापूरकडून १-२ ने हरला आणि २०२७ च्या आशियाई कपाचं दार बंद झालं. तेव्हापासून भारतातून एकच वाक्य कानावर येतंय : एकशे चाळीस कोटींचा देश साठ लाखांच्या देशाकडून हरतोच कसा? त्यामागोमाग दोन उपाय ठरलेले. कोच बदला, आणि बाहेर वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू आणा. मी राहतो सिंगापुरात, फुटबॉल बघायला शिकलो कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, आणि हे तिन्ही ऐकून डोकं फिरतं.

आधी पात्रता फेरीत काय घडलं ते नीट मांडू. शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०. पहिल्या काही मिनिटांतच चुका केल्या त्या आपल्या गोलीने, त्यांनी त्या जाळ्यात घातल्या नाहीत म्हणून वाचलो, आणि आपल्यालाही गोल मारता आला नाही. हाँगकाँगमध्ये ०-१, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला पेनल्टीवर. पण त्याआधी पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनने समोर उघडा गोल असताना बॉल बाहेर मारला होता. सिंगापूरला कलांगच्या स्टेडियमवर १-१. तिथे आपला बचावपटू झिंगन ४७ व्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जणांनी किल्ला लढवला आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने समोरच्यांची चूक हेरून बरोबरी साधली. मग मडगाव. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून सुंदर गोल मारला, आणि ४४ व्या व ५८ व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने दोन. नोव्हेंबरात ढाक्यात पुन्हा ०-१. या पाच सामन्यांत दोन गुण, दोन गोल.

दोन गोल. चर्चा या आकड्याची व्हायला हवी, लोकसंख्येची नाही. कोचच्या हातात एकशे चाळीस कोटी नसतात, तेवीस जण असतात, आणि त्यात रोज नऊ नंबरवर, म्हणजे गोल करायची मुख्य जबाबदारी असलेल्या सेंटर फॉरवर्डच्या जागेवर, खेळणारे शोधायला गेलात तर एका हाताची बोटंही जास्त होतात. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी मैदानात उतरू शकतात. क्लबला आज जिंकायचं असतं, म्हणून पहिला पैसा परदेशी सेंटर फॉरवर्डवर जातो आणि भारतीय मुलगा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलला जातो. २०२४-२५ च्या लीगमध्ये सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजारेचे. भारतीयांत पहिला कोण? चाळिशीचा सुनील छेत्री, १४ गोल. म्हणून तर निवृत्त झालेल्या माणसाला २०२५ च्या मार्चमध्ये परत बोलवावं लागलं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला फॉरवर्ड म्हणून गेला, पुढे क्लबांमध्ये तोही विंगवरच जास्त दिसला.

ही जागा सरावाने भरत नाही. बॉल विंगवर असताना सेंटर फॉरवर्डने स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पाठीमागे, त्याच्या नजरेआड उभं राहायचं असतं. बॉल बघायला स्टॉपरने मान वळवली की दोन पावलं गोलच्या लांबच्या खांबाकडे टाकायची; तो मागे सरकला की त्याच्या पुढून तिरकं जवळच्या खांबाकडे घुसायचं. कडेवरून बॉल आत टाकणाऱ्याचा, म्हणजे क्रॉस मारणाऱ्याचा, पाय मागे गेला की धाव सुरू. आधी निघाला तर बॉलच्या पुढे जातो, उशिरा निघाला तर स्टॉपरचं डोकं आधी पोचतं. उंच नसलेल्या छेत्रीने हेडरवर इतके गोल मारले ते या वेळेच्या जोरावर. गोलरेषेपाशी पोचून मागे दिलेल्या पासचंही, कटबॅकचंही, तेच : सगळे गोलकडे पळत असताना एकाने पेनल्टी स्पॉटपाशी थांबायचं आणि पहिल्याच टचला मारायचं. दुसरा टच घेतला की समोर पाय आलाच. हे सरावात प्लास्टिकचे शंकू ठेवून शिकवता येतं, पण अंगात भिनतं ते दर आठवड्याला चिडलेल्या स्टॉपरशी झगडूनच.

आणि दर आठवड्याचे सामने होते कुठे? फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, नवा ठरत नव्हता, म्हणून जुलैमध्येच आयएसएल थांबवली गेली. बंगळुरूत सप्टेंबरपासून कॅम्प लागला. कॅम्पने दम वाढतो, कॉर्नर-फ्री किकचे ठरलेले डाव बसतात, बचावाची ओळ सरळ राहते. दमलेल्या पायांनी घाईत घ्यायचे निर्णय मात्र सामन्यातच शिकावे लागतात. सोंग स्ट्रायकर नाही, मागून उशिरा येणारा मिडफिल्डर आहे. असा माणूस पकडायचा तर मिडफिल्डने खांद्यावरून सतत मागे बघावं लागतं, आणि हाफटाइमच्या तोंडावर पहिली सुटते ती हीच सवय. सिंगापूरच्या लीगचा हंगाम ऑगस्टमध्येच सुरू झाला होता, त्यांचा इखसान फांदी थायलंडच्या लीगमध्ये नऊ नंबरवर खेळत होता. भारताचा कोच खालिद जमील ऑगस्टमध्ये आला. मुंबईत वर्षानुवर्षं क्लब सांभाळलेला, आयझॉल क्लबला २०१७ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिलेला कोच आहे तो. त्याच्याआधी मानोलो, त्याच्याआधी स्टिमॅच. अजून किती बदलणार?

सिंगापूर म्हणजे फुटबॉलचा स्वर्ग आहे असं समजू नका. इथे इमारतींच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, बॉल खेळू नका म्हणून पाटी असते. शाळेत सीसीए, म्हणजे अभ्यासाबाहेरचे उपक्रम, आहे, पण ट्यूशनपुढे ते हरतं. खेळाडू घडायच्या वयात एनएस, म्हणजे सक्तीची राष्ट्रीय सेवा, दोन वर्षं घेऊन जातं. इथल्या लीगच्या साध्या सामन्याला येतात त्याच्या कितीतरी पट माणसं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना बघायला लोटतात, तिकीट काढून, पेठेसाठी घसा कोरडा करून. तरी १८ नोव्हेंबरला सिंगापूरने हाँगकाँगला त्यांच्या घरी २-१ ने हरवलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर आशियाई कप गाठला. माणसं आपल्याकडे आहेत, वेड आपल्याकडे आहे. इथे काय आहे? सामना ठरल्या दिवशी होतो. मला हे लिहिताना आनंद होत नाही.

आता बाहेरच्या खेळाडूंचं. दाखला नेमका सोंगचाच दिला जातो : त्यांनी कोरियन घेतला, आपण का नाही? सोंग अठराव्या वर्षाच्या आसपास इथे आला, इथल्या क्लबातून वर चढला आणि २०२१ मध्ये नागरिक झाला. एक-दोन सामन्यांपुरता मागवलेला माणूस नाही तो. भारताचा २००८ पासूनचा नियम आहे की पासपोर्ट भारताचा हवा. रायन विल्यम्सची आई मुंबईची; त्याने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याचं स्वागतच आहे. पण या वाटेवर किती जण येतील, हे आम्ही बाहेर बसलेल्यांनी खरं सांगायला हवं. मी कलांगला निळी जर्सी घालून बसतो, भारताचा पासपोर्ट जपून ठेवलाय. पण माझ्यासारख्या पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी असलेल्या, घरातला मुलगा बूट बांधतो तो इथल्या मैदानावर, एनएस करतो इथे, आणि चांगला निघालाच तर त्याने सिंगापूरची लाल जर्सी घालावी असंच त्याच्या आईबापांना मनातून वाटतं. मलाही वाटतं. भारताची अपेक्षा आमच्या मुलांवर टाकण्याआधी हे तिकडच्यांनी ऐकावं आणि आम्ही ते मान्य करावं, दोन्ही गरजेचं आहे.

म्हणून मागणी आमच्या मुलांची करू नका. मागायचंच असेल तर सुपर कप आणि ड्युरंड कप या स्पर्धांमध्ये प्रत्येक संघाचा सेंटर फॉरवर्ड भारतीय असावा, असा नियम मागा. आयएसएलमध्ये परदेशींची संख्या चारवरून तीनवर आणा. चौथा परदेशी गेला की भारतीयासाठी एक जागा मोकळी होईल. राखीव संघांची लीग मोठ्या लीगसोबत, त्याच आठवड्यात चालवा, म्हणजे बाकावरच्या विशीतल्या पोराला नव्वद मिनिटं मिळतील. आणि करार कुणाशीही करा, पण हंगामाची पहिली तारीख सहा महिने आधी जाहीर करा आणि ती पाळा.