होळीआधी मोजलेला जिल्हा

आमच्या नंदुरबारची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं की मी २०११ चा आकडा सांगतो : १६,४८,२९५. सांगतो खरा, पण माझा त्याच्यावर पुरता विश्वास नाही.

त्या जनगणनेत मी प्रगणक होतो, अक्राणी तालुक्यात. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी करताना दारांवर गेरूने नंबर टाकले, तेव्हा पाडा भरलेला होता. फेब्रुवारीत मोजणीला गेलो तर निम्म्या घरांच्या ताट्या लावलेल्या, आत कोंबडीसुद्धा नाही. माणसं गेली होती गुजरातेत बारडोलीकडे, ऊसतोडीला. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर नवरा-बायकोचा एक कोयता गाडीत चढायचा, लेकरंही सोबत. नियम असा, की ९ ते २८ फेब्रुवारीत माणूस जिथे असेल तिथे मोजायचा. पूर्ण वीस दिवस बाहेर असलेला इथे धरायचा नाही. म्हणजे आमचा माणूस उसाच्या फडाशेजारच्या पडावावर सापडला तर गुजरातच्या हिशोबात. तिथल्या झोपड्यांपर्यंत तरी कुणी वही घेऊन गेलं असेल का, मला शंका आहे.

एका म्हातारीने मला सरळ सांगितलं, "गुरुजी, होळीला ये. सगळी असतील." तिच्या बोलीत गुरुजीलाही 'तू'च.

त्या वर्षी होळी १९ मार्चला होती. आमची वही २८ फेब्रुवारीलाच मिटली होती.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. कागदावर एक दिसतो, पण तापीकाठची सपाटी आणि सातपुडा ही दोन वेगळी जगं. खाली शहाद्याकडे केळी, पपई, ऊस. गुजर आणि अहिराणी बोलणारी मोठी गावं. तळोद्याहून चांदसैली घाट चढला की गाव नावाची गोष्टच विरघळते. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या नाल्यापलीकडे, घर ज्याच्या त्याच्या शेतात. त्याही पलीकडे नर्मदा, जिथे सरदार सरोवराच्या पाण्यामुळे दवाखानासुद्धा बोटीतून जातो. (नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं गुजरातेत आहे. त्याचे फोटो सगळे टाकतात. पाड्यातली निम्मी घरं वर्षातले सहा महिने गुजरातेत असली, तर त्याचा फोटो कोण काढणार?)

आकड्याचं एवढं काय, असं म्हणू नका. अन्नसुरक्षेच्या रेशनचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, अजून २०११ च्याच लोकसंख्येवर चालतो. सुमारे ६९ टक्के आदिवासी आणि राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्के साक्षरता असलेल्या जिल्ह्यात वहीत न आलेलं माणूस म्हणजे न आलेलं धान्य.

आता २०२७ ची मोजणी मोबाइलवर होणार म्हणतात. होऊ दे. पण हिशोबाची तारीख तीच, १ मार्च, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. आणि होळी पुन्हा तीन आठवड्यांनी. रस्ते उघडे, हवा बरी, म्हणून फेब्रुवारी सोयीचा असेल. सोय कुणाची, हे सपाटीवर बसून ठरतं. देशाची तारीख एका जिल्ह्यासाठी हलणार नाही, कळतं मला. मग निदान ग्रामपंचायतीने दिवाळीनंतर कोण कुठल्या पडावावर गेलं याची यादी करावी आणि ती पलीकडच्या प्रगणकाच्या हातात पडावी. ती माणसं पलीकडे मोजली गेली, तर इष्टांक ठरवताना ती यादी इथे धरावी.

यंदा सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला गेलो होतो. पहाटेपर्यंत ढोल चालू होते आणि उभं राहायला जागा नव्हती.