जलसुरक्षेच्या प्रोजेक्टमध्ये मुठा कुठंय?

परवा ताईने फॅमिली ग्रुपवर भाच्याच्या शाळेतल्या जलसुरक्षा विषयाच्या प्रोजेक्टचे फोटो टाकले. पोरगा नववीत, धरण थर्माकोलचं, पाणी म्हणजे निळा जिलेटीन पेपर, सगळं सामान पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातलं. (थर्माकोलच्या मखरांवर 2018 ला बंदी आली, प्रोजेक्टवर कोण आणणार!) लगेच मामा सुरू, आधीच दप्तराचं ओझं त्यात हे कशाला, तर काकू म्हणाली अरे कोर्टानेच सांगितलंय. ते खरंय, 1991 मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने शाळेत पर्यावरण सक्तीचं करायला सांगितलं. मग गाडी माझ्याकडे, तुमच्या जर्मनीत कसं असतं रे?

माझी लेक चार वर्षांची, वाल्डकिंडरगार्टनला जाते म्हणजे जंगलातली बालवाडी. वर्गच नाही, थंडीत शेकायला एक लाकडी गाडी, बाकी पाऊस असो बर्फ असो रबरी पँट चढवायची आणि निघायचं, वादळ असेल तरच सुट्टी. रोज संध्याकाळी आम्ही तिच्या काखेत, गुडघ्यामागे गोचीड शोधत बसतो. मागे वॉशिंग मशीनमधून गोगलगाईचा शंख निघाला, तर मलाच ओरडली, तिचं घर धुतलंस म्हणून.

पण म्हणून लगेच "शिका जरा यांच्याकडून" नको. हे जंगल बरंचसं लाकडासाठी रांगेत लावलेलं आहे, आणि याच देशात जानेवारी 2023 मध्ये कोळशासाठी ल्युत्सेराथ गाव पोलीस लावून रिकामं केलं. आणि भोरकडची माझी आजी कुठल्या बालवाडीत गेली होती? पहिल्या पावसानंतर बांधावरून टाकळा, कुर्डू खुडून आणायची. मी परिसर अभ्यासात पैकीच्या पैकी घेणारा, मला त्यातलं एक पान ओळखू येत नाही.

भाच्याला फोनवर विचारलं, मुठा बघितलीस का कधी? म्हणाला हो, भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हा! खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते तोंडपाठ, पण पात्रात उतरून पाण्याला हात कधी लावला नाही, आणि खरं सांगू, आत्ताचं ते पाणी बघता मीही लावू देणार नाही. त्यांच्या सरांना विषय दिला पण साठ पोरं घेऊन गेटबाहेर कसं पडायचं, एकाचा पाय घसरला तर सरांच्या नोकरीवर येणार. लेकीकडे वीस पोरांमागे तीन जणी असतात, माझ्या मते खरा फरक तिथे आहे, जंगलात नाही.

फोटो पुन्हा झूम करून बघितला. धरणावर खडकवासला लिहिलंय, नदीचं नाव कुठेच नाही. ग्रुपवर विचारलं तर ताईचा रिप्लाय, "जाऊ दे रे, सबमिट झालंय."