ठोशाला पाच बोटं लागतात, पण शब्दाला नाही

गेल्या आठवड्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर आला. दोन दिवसांत तोच शाळेच्या ग्रुपवर, मग चुलतभावाकडून, मग माझ्या दातांच्या डॉक्टरकडूनही. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीतला ‘पंच’ म्हणजे आपला संस्कृत ‘पंच’. पाच बोटं मिटली की मूठ आणि मूठ हाणली की पंच. पाच जिन्नस घालून केलेलं पेय, तेही पंच. लंडनचं ‘पंच’ साप्ताहिक समाजाचा न्यायनिवाडा करायचं, म्हणून त्याचं नाव पंच. ऑफिसात हजेरी ‘पंच’ करतात ती बोट टेकवूनच, म्हणजे तीही आपलीच. आणि शेवटी नेहमीचं पालुपद, ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा.’

अभिमान मला आहे. तरी पाठवला नाही.

आधी मुठीचं बघू, कारण सगळ्यांना तोच मुद्दा पटलेला दिसतो. ‘पंच’ हे क्रियापद इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस भेटतं आणि तेव्हा त्याचा अर्थ ठोसा मारणे असा नव्हताच. टोकदार वस्तूने टोचणे, ढोसणे, असा होता. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणतात, ते काठीने ढोसत गुरं हाकतो म्हणून. गाईंना ठोसे मारत तो काही फिरत नाही. मुठीने मारण्याचा अर्थ या शब्दाला सोळाव्या शतकात चिकटला. आता आपल्या बाजूच्या तारखा बघा. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये आणि ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० ला. गामा येण्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्लंडातल्या गुराख्याला संस्कृत कोण शिकवायला गेलं होतं?

हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून आणि त्याचं मूळ पोचतं ‘टोचणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापर्यंत. त्या घराण्यातला एक जण आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. रस्त्याच्या कडेला झाडाला जुना टायर टांगून त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’ असं लिहिलेलं असतं, तोच. परवा माझ्या स्कूटरचं चाक बसलं तेव्हा त्या माणसाने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून थोडी थोडी पुढे सरकवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची रांग लागली. त्याने तिथे अंगठा ठेवला आणि मला म्हणाला, “ताई, खिळा होता.” खिळ्याने पडलेलं ते भोक म्हणजे ठोशाच्या शब्दाचा सख्खा भाऊबंद. बोटांचा त्यात संबंध आलाच तर भोकावर ठेवलेल्या अंगठ्यापुरता.

यावर आमच्या बागेतल्या एका काकांचं म्हणणं असं, “अगं, पण संस्कृत आणि इंग्रजी एकाच कुळातल्या. नातं त्याहून जुनं असेल.” आक्षेप चांगला आहे, पण तो उलटाच लागू पडतो. कुळ एक आहे हे खरंच. म्हणून तर नियम लागतो. आपल्या शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ असला की इंग्रजीत अस्सल घरच्या शब्दात तिथे ‘फ’ सापडतो. याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकाने १८२२ मध्ये हा बदल नीट मांडला. आपला पितृ तो तिकडे फादर, पाद तो फूट. आणि आपला पंच? फाइव्ह! इंग्रजीतलं आपल्या पंचाचं खरं भावंड फाइव्ह हेच. प्राचीन नातं असतं तर ठोशाचा शब्दही ‘फ’ने सुरू झाला असता.

आता यातली गंमत. इंग्रजीत बोटाला फिंगर आणि मुठीला फिस्ट म्हणतात. हे दोन्ही शब्द त्याच प्राचीन ‘पाच’मधून निघाले असावेत, असं बरेच व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे मजकूर लिहिणारा अगदी बरोबर वाड्यात शिरला होता, फक्त बेल शेजारच्या बिऱ्हाडाची वाजवली.

हजेरीचं फार ताणायला नको. बोट टेकवायची यंत्रं आत्ता आत्ता आली. त्याआधीही कामगार कार्ड ‘पंच’ करतच होते, ते घड्याळाच्या खाचेत सारून. हा पंच म्हणजे भोक पाडायचं किंवा ठसा उमटवायचं हत्यार. आमच्या लहानपणी पुण्यातल्या पीएमटी बसच्या कंडक्टरच्या हातात असायचा तो. लोखंडी, चिमट्यासारखा. तिकिटाला भोक पाडून झालं की तोच चिमटा दांड्यावर टकटक वाजवत तो “पुढे सरका, पुढे सरका” करायचा. पंक्चरच्याच घराण्यातला हाही.

साप्ताहिकाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती टोचण्याची नाही आणि पाचाचीही नाही. ‘पंच’ लंडनला १८४१ मध्ये सुरू झालं. त्याचं नाव घेतलं होतं हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांच्या खेळातल्या मिस्टर पंचवरून. लांब नाक, पाठीला कुबड, हातात सोटा. बायकोला बडवतो, पोलिसाला बडवतो, समोर येईल त्याला बडवतो. हा मूळचा नेपल्सचा, इटालियन नाटकमंडळ्यांतला विदूषक पुल्चिनेल्ला. सॅम्युएल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हा बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचं रोजनिशीत लिहून ठेवलंय. हा इसम न्यायनिवाडा काय करणार? त्याचाच पंचनामा करावा लागेल. पण हे नाव इकडे आल्यावर, १८७७ मध्ये लखनौला ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक निघालं तेव्हा, आपल्या लोकांना त्यात न्याय देणारा पंचही ऐकू आला असेल. कानाला तो हक्क आहे. व्युत्पत्तीला नाही.

राहिलं पेय. इथे मजकुराच्या पदरात काहीतरी पडतं. १६३२ मध्ये हिंदुस्थानातल्या एका इंग्रजाच्या पत्रात हे नाव पहिल्यांदा सापडतं, म्हणजे जागा तर आपलीच. आणि पाचाचा खुलासा देणारा साक्षीदार आजच्या पुणे जिल्ह्यात येऊन गेलेला आहे. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर. जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडून बोलावणं आलं म्हणून तो १६७५ मध्ये मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला होता. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याकडच्या नेरूळच्या दारूचा उल्लेख आहे. तिच्यापासून इंग्रज ‘पॉंच’ नावाचं अंगातलं त्राण काढून घेणारं पेय करतात, हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात जिन्नस पाच, असं तो लिहितो.

तरीही कोशकार इथे थोडे अडखळतात, आणि त्यांना कारणं आहेत. त्या काळच्या इंग्रजीत या नावातला स्वर ‘उ’कडे झुकलेला होता. ‘पाँच’मधल्या लांब ‘आ’चा तो कसा झाला, हे नीट जुळत नाही. दुसरं, दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणायचे. खलाशांनी त्याचंच अर्धं नाव उचललं असेल, अशीही एक शंका आहे. आणि तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो या पेयाची कृती देतो ती अशी: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार होतात.

पण या तिसऱ्या कारणावरून मी मजकुराचा पेयाचा मुद्दा फेटाळणार नाही. आमच्याकडे गणपतीत नैवेद्याच्या पानात डावीकडे पंचामृत वाढतात, देवाच्या स्नानाचं नव्हे, चिंचगुळाचं. त्यात शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, हिरव्या मिरच्या, चिंच आणि गूळ. फोडणी धरली नाही तरी सहा. काकू वरून मनुका घालतात. आजवर पानावर बसलेल्या कोणीही बोटांवर मोजून हिशेब मागितलेला नाही.