मामा, ती कानस खाली ठेवा

नागपूरच्या इतवारीतल्या माझ्या मामांकडे परवान्याचं .३२ चं पिस्तूल आहे. सराफ्यात दुकान, रात्री रोकड घेऊन घरी जायचं, म्हणून घेतलेलं. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. "भाच्या, पिनचं टोक बोथट दिसून राहिलं. थोडं घासून घेतो म्हटलं. मेसेजमध्ये तं तसंच लिहून आहे."

मी बंदुकीच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर चौदा वर्षं काढलीत. तरी सख्ख्या मामांनी मला विचारायच्या आधी कानस आणली, ती एका फॉरवर्डच्या भरवशावर. मेसेजचं शीर्षक, 'आर्मररला (म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याला) पैसे का देता?' खाली सात मुद्दे आणि हात जोडलेले दोन इमोजी.

पिनपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात येडपट मुद्दा तोच आहे. मेसेज म्हणतो, 'फायरिंग पिन बोथट झाली की कानशीने टोक काढा, मिसफायर बंद.' अरे, ती काय शिवणयंत्राची सुई आहे? पिनचं टोक गोलच असतं, मुद्दाम गोल केलेलं असतं. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तिला त्यानं दाबून खळगा पाडायचा असतो, भोक नाही. टोक अणकुचीदार केलं की टोपी फुटते, आणि पुढे जायचा तप्त गॅस पिनच्या भोकातून मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे येतो. जास्त घासली तर पिन आखूड होते, ठोका हलका बसतो, म्हणजे जो मिसफायर घालवायचा तोच घरी बोलावला. कानशीनं उठलेली बारीक कोर राहिली आणि पिन पुढे आलेल्या अवस्थेत अडकली, तर त्याहून वाईट. मग ट्रिगरला बोटही न लावता, नुसती स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, बंद होताना गोळी सुटू शकते.

याच घराण्यातला दुसरा सल्ला, 'ट्रिगर जड वाटला तर सिअर पॉलिश पेपरने घासा.' पिनवर आदळणाऱ्या घोड्याला मागे अडवून धरतो तो सिअर. अशा भागांवर बरेचदा कडक केलेला पातळ थर असतो, आत लोखंड मऊ. थर गेला की आठ-दहा दिवस ट्रिगर लोण्यासारखा चालतो, माणूस खूश. मग मऊ लोखंड झिजतं आणि घोडा कधी अडतो, कधी नाही. असं एक पिस्तूल माझ्या टेबलावर आलं होतं. भिंगाखाली सिअरची कड चघळलेल्या सुपारीसारखी दिसत होती. मालक म्हणाला, "घासल्यावर तं मस्त चालत होतं." ते पिस्तूल तो कमरेला लावून फिरत होता!

यात कायदाही येतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. निर्मिती आणि विक्रीच्याच रांगेत तिथे दुरुस्ती हा शब्द आहे, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. मामांकडचा परवाना कलम ३ चा, बाळगण्याचा. पुसा, तेल द्या, पुस्तिकेत दाखवलंय तेवढं उघडा. आकार बदलायला हात लावायचा नाही.

स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग ताणून कडक करायचा मुद्दा थोडक्यात संपतो. ताणलेली स्प्रिंग चार दिवस कडक वाटते, मग पुन्हा बसते, तीही वेडीवाकडी. .३२ च्या पिस्तुलात बहुधा स्लाइडचं वजन आणि ही स्प्रिंग एवढ्यावरच सगळा धक्का झेलला जातो. ती मेली की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडतात. नवी स्प्रिंग टाका.

मॅगझिन कायम भरून ठेवू नका, हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. पण चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्यानं फारशी मरत नाही, ती भरण्या-रिकामी करण्यानं आणि गंजानं मरते. मेसेजमधल्यासारखा काडतूस नसताना घोडा शंभर वेळा पाडायचा म्हणाल, तर जुन्या पिस्तुलाची पिन त्यानंच तुटते.

'फायर न केलेलं पिस्तूल झिजत नाही' म्हणणाऱ्यानं नागपूरचा मे महिना कमरेला पिस्तूल लावून काढावा. घाम चामड्याच्या होल्स्टरमध्ये मुरतो, पुढे पावसाळ्याची दमट हवा. मुठीच्या पट्ट्या उघडल्या की खाली तांबूस गंज, स्लाइडमध्ये शर्टाचे धागे आणि खोबरेल तेलाचा घट्ट झालेला चिकटा. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेलं पिस्तूल परत आलं की आधी हेच पाहा.

शेवटचा मुद्दा, घरीच जिवंत काडतूस चढवून-काढून 'टेस्ट' करायचा, त्यावर बोलायलाच नको होतं. भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं असतं. शिवाय तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, चढवलं की गोळी पुंगळीत आत सरकते, आणि मग फायर करताना दाब वाढतो.

घरी काय पाहायचं? आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, चेंबर डोळ्यांनी पाहायचा आणि करंगळीच्या टोकानं चाचपायचा, दोनदा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग टॉर्च घेऊन मॅगझिनचे ओठ वाकलेत का, एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचं, नख शाबूत आहे का, कुठे केसाएवढी चीर दिसते का. रेंजवरून आलात तर दोन-चार पुंगळ्या खिशात घालून आणा. टोपीवरचा खळगा उथळ, एका बाजूला किंवा भोक पडलेला दिसला, तर ती पुंगळी आर्मररला दाखवा, अर्धं काम तिथेच होतं.

मामांचं पिस्तूल परवा दुकानात आलं. पिनचं टोक ठणठणीत होतं, जसं हवं तसं गोल. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाचा कोपरा मात्र उडालेला होता, आणि त्याबद्दल सात मुद्द्यांत एक अक्षर नाही. नवा भाग येईपर्यंत पिस्तूल दुकानाच्या तिजोरीत आहे. कानस मामीनं विळीला धार लावायला घेतली.