त्या ‘लाटसाहेब वकिला’च्या फॉरवर्डबद्दल, एकदाचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक भलामोठा फॉरवर्ड टाकलाय. निमित्त काय, तर माझी भाची लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पुढे मानवाधिकार विषयात एलएलएम करायचंय. फॉरवर्डचा सारांश असा: लंडनचे लॉर्ड अँथनी गिफर्ड म्हणून एक बॅरिस्टर, जन्माने उमराव, कामाची गरज नाही म्हणून टाइमपासला मानवाधिकार. 21 माणसं मारणाऱ्या बॉम्बवाल्यांना यांनी सोडवलं, पोलिसाच्या खुन्यांची बाजू घेतली, सरकारी फीवर गब्बर झाले, स्वतःच्याच देशाकडे गुलामगिरीची भरपाई मागितली आणि मग जमेकात जाऊन ऐश केली, आजही संसदेत बसून भत्ता खातात. खाली ‘अशांना भर चौकात लटकवा’, ‘असे वकील आपल्याकडेही आहेत, सावध व्हा’ आणि हात जोडलेले चार इमोजी. हाच मजकूर मला सोसायटीच्या ग्रुपवरही आलाय आणि ऑफिसातल्या एकानेही पाठवलाय, म्हणून इथे लिहितोय, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आलाय.

आधी बॉम्बचं घेऊ, कारण बाकीचं सगळं हास्यास्पद असलं तरी हे घातक आहे.

21 नोव्हेंबर 1974 ला बर्मिंगहॅममध्ये दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 माणसं गेली, हे खरं. त्याच संध्याकाळी पाच आयरिश माणसं न्यू स्ट्रीट स्टेशनवरून हेशम बंदराच्या ट्रेनमध्ये बसली होती, तिथून बोटीने बेलफास्टला जायला, सहावा त्यांना सोडायला स्टेशनवर आलेला. बेलफास्टला कशाला, तर आयआरएच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडायला लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, एका माणसाच्या अंत्यविधीला, जो आठवडाभर आधी कॉव्हेंट्रीत स्वतःच्याच बॉम्बने मेला होता. आता इथे मामा म्हणतील, बघ, संबंध होताच की! होता. ओळखीचा, शेजारपाजाऱ्याचा, सहानुभूतीचा म्हणा हवं तर. पण अंत्ययात्रेला जाणं आणि बॉम्ब ठेवणं यात फरक आहे, आपल्याकडे कुठल्याही गल्लीतल्या दादाच्या अंत्ययात्रेला किती पांढरपेशे जातात ते बघा आणि मग बोला.

त्यांना पकडल्यावर एका सरकारी केमिस्टने हातांची टेस्ट केली आणि सांगितलं की दोघांच्या हाताला नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटकातलं रसायन, लागलंय, मला 99 टक्के खात्री आहे. झालं. पुढे कळलं की ही माणसं ट्रेनमध्ये पत्ते खेळत बसली होती आणि त्या काळच्या पत्त्यांवर जे चकाकतं कोटिंग असायचं त्यानेसुद्धा ती टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे रमी खेळून कोणी हात न धुता आला असता तर तोही दहशतवादी ठरला असता! उरले कबुलीजबाब, सहापैकी चौघांचे, आणि ते मारहाण करून घेतले असं ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. 1975 ला सहाही जणांना जन्मठेप.

आता फॉरवर्डमधली सगळ्यात मोठी थाप. ‘गिफर्डनी सोडवलं.’ अहो, नाही सोडवलं! गिफर्ड ज्या अपिलात बचावाच्या बाजूने उभे होते ते 1987 च्या शेवटी सुरू झालं आणि 28 जानेवारी 1988 ला फेटाळलं गेलं. हरले ते. सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांनी वर असंही ऐकवलं की सुनावणी जितकी लांबली तितकी आमची खात्री पटत गेली की ज्युरीचाच निकाल बरोबर होता. कोणा वकिलाच्या हुशारीने किंवा लॉर्ड असण्याने कोर्ट भुललं वगैरे काही झालेलं नाही, उलट कोर्टाने हाकलून लावलं. नंतर पोलिसांच्या नोंदवह्यांची तपासणी झाली, एका पानावर लिहिताना खालच्या पानावर जे दाब उमटतात ते वाचणारी टेस्ट असते, त्यात नोंदी मागाहून लिहिल्याचं निघालं, केमिस्टचा पुरावा तर सरकारी पक्षाला स्वतःलाच टेकू देता येईना, आणि 14 मार्च 1991 ला सहाही जण बाहेर आले. सोळा वर्षांनी.

आणि याच लॉर्ड लेन यांच्यासमोर मधल्या काळात, ऑक्टोबर 1989 मध्ये, इंग्लंडमधल्याच गिल्डफर्ड गावची केस आली होती. तीही 1974 चीच, पबमधले बॉम्ब, चार जणांना जन्मठेप. तिथेही गिफर्ड बचावाच्या बाजूला होते. एका आरोपीच्या जबाबाच्या टाइप केलेल्या नोंदी सापडल्या, त्यावर हाताने खाडाखोड आणि भर घातलेली, आणि ‘तेव्हाच्या तेव्हा लिहून घेतलं’ म्हणून कोर्टात दाखवलेला जबाब त्या दुरुस्त केलेल्या मजकुराशी जुळत होता. म्हणजे आधी ड्राफ्ट, मग कबुली. तेव्हा लेनसाहेबांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं की पोलीस खोटं बोलले असलेच पाहिजेत. हा निकाल शोधून वाचा मामा, फॉरवर्ड करण्याआधी. मानवाधिकारवाल्यांचं पत्रक नाहीये ते, इंग्लंडच्या सरन्यायाधीशाचं म्हणणं आहे, आणि तेही असा न्यायाधीश ज्याने पावणेदोन वर्षांपूर्वी दुसऱ्या सहा निरपराधांना परत तुरुंगात पाठवलं होतं.

गिल्डफर्डच्या चौघांना शिक्षा सुनावताना खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाने खंत व्यक्त केली होती की यांच्यावर राजद्रोहाचा खटला का नाही भरला, म्हणजे फाशी देता आली असती. फॉरवर्डच्या शेवटी ‘अशांना भर चौकात लटकवा’ लिहिलंय ना, त्याचा अर्थ एवढाच की 1989 ला सोडायला कोणी उरलंच नसतं. आणि खरे बॉम्बवाले? बर्मिंगहॅमचे आजवर कोणालाही शिक्षा न होता मोकळे. हा राग यायला हवा खरं तर, 21 कुटुंबांना न्याय मिळाला नाही, आणि तो वकिलांमुळे नाही तर भलतेच पकडून फाइल बंद केल्यामुळे. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब एरवी कोर्टात ग्राह्य धरत नाहीत, मोक्कात मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यापुढचा चालतो. भाचीला याच विषयावर काम करायचंय, इतकंच सांगून ठेवतो.

बाकीचे मुद्दे भराभर.

‘पोलिसाच्या खुन्यांची बाजू घेतली.’ 1985 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या टॉटनहॅममध्ये पोलीस एका घराची झडती घेत असताना सिंथिया जॅरेट नावाची बाई कोसळून मेली, दुसऱ्या दिवशी ब्रॉडवॉटर फार्म वस्तीत दंगल झाली, त्यात कीथ ब्लेकलॉक हा कॉन्स्टेबल फार क्रूरपणे मारला गेला. सरकारने सार्वजनिक चौकशी नाकारली म्हणून त्या भागाच्या, म्हणजे हॅरिंगेच्या, कौन्सिलने नेमली, गिफर्ड तिचे अध्यक्ष. पोलिसांनी सहकार्य केलं नाही. चौकशी करणं म्हणजे बाजू घेणं असेल तर मग विषयच संपला. आणि त्या खुनात ज्या तिघांना जन्मठेप झाली ती 1991 ला रद्द झाली, परत तेच, जबाबाच्या कागदांशी छेडछाड. तिघांतला एक दुसऱ्या खुनासाठी आत होता, तो संत होता असं मी म्हणत नाहीये.

‘श्रीमंताचा टाइमपास.’ बरं, इथे थोडं मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. माणूस विंचेस्टर आणि केंब्रिजचा, तरुणपणीच वडील गेल्यावर लॉर्ड झालेला. घराण्याचा पहिला बॅरन ॲटर्नी जनरल होता आणि त्याने 1820 ला मंत्रिमंडळाची हत्या करायच्या केटो स्ट्रीट कटातल्या लोकांवर खटला चालवला, पाच जण फासावर गेले. आजोबा मॉरिस गिफर्ड तर ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योजक र्‍होड्सच्या कंपनीच्या राज्यात, आजच्या झिम्बाब्वेत, 1896 ला तिथल्या लोकांशी लढताना हात गमावून बसलेले. तर असं हे खानदान. दार ठोठावल्यावर लॉर्डला उघडतात, तुमच्या-माझ्या पोरीला उघडतीलच असं नाही, हे खरंच आहे. पण त्याच आजोबांचा नातू मोझांबिक, अंगोला आणि गिनीच्या पोर्तुगालपासूनच्या स्वातंत्र्यासाठी चालवलेल्या ब्रिटिश कमिटीचा अध्यक्ष होता. 1970 ला नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये एका जुन्या खाटकाच्या दुकानात ब्रिटनमधलं पहिलं लॉ सेंटर निघालं, गरिबांना घरभाड्याच्या आणि पोलिसांच्या केसमध्ये फुकट वकील मिळावा म्हणून, ते उभं करणाऱ्यांतही हे होते. टाइमपासला लोक गोल्फ खेळतात हो.

सरकारी फी घेतली का, तर घेतली असेलच, लीगल एड, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्या वकिलाची फी सरकारने भरायची सोय, त्यासाठीच असतं. सरकारी वकील काय धर्मादाय उभा राहतो?

गुलामगिरीच्या भरपाईवर मात्र फॉरवर्डवाल्याने अर्धीच गोष्ट सांगितलीय. गिफर्डनी 14 मार्च 1996 ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हा प्रश्न मांडला, आणि बहुतेक सगळ्या बाकांवरून त्यांना हे अव्यवहार्य वगैरे ऐकायला मिळालं. मलाही कोणाला किती द्यायचं याचा हिशोब कसा करणार ते पटलेलं नाही अजून. पण ‘इतक्या जुन्या गोष्टीची भरपाई कधी देतात का’ हे जे विचारलंय, त्याला उत्तर आहे की देतात, दिलीय. 1833 चा कायदा करून ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड मोजले, फक्त ते गुलामांना नाही, मालकांना. ‘माझी मालमत्ता गेली’ म्हणून. गुलामांच्या हातावर एक छदाम नाही, उलट ‘ॲप्रेंटिस’ म्हणून त्याच मालकाकडे आणखी काही वर्षं फुकट राबायचं.

जमेकात ऐश म्हणजे किंग्स्टनमध्ये वकिली. आणि ‘आजही संसदेत बसून भत्ता’ हे लिहिणाऱ्याला एवढंही माहीत नाही की 1999 च्या कायद्याने वंशपरंपरेने आलेल्या लॉर्डांपैकी 92 सोडून सगळ्यांची खुर्ची गेली, गिफर्डचीसुद्धा.