खुलासा: ‘एकदा तारण, कायमचं तारण’ हे सगळ्या प्रोटेस्टंटांचं मत नाही

‘तारण गमावता येतं असं फक्त कॅथलिक मानतात, प्रोटेस्टंट मानत नाहीत,’ असा मेसेज ख्रिस्ती धर्मातल्या या दोन शाखांबद्दल फिरतोय (तारण म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका). मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच. मग लुथरन या प्रोटेस्टंट पंथाच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकारातलं (श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यातलं) बारावं कलम वाचलं. एकदा देवापुढे नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही, या शिकवणीचा तिथे थेट निषेध आहे! विश्वासणारा पतित होऊन तारण गमावू शकतो, असंच मेथॉडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे संस्थापक जॉन वेस्लीही शिकवत. ‘तारण कधीच गमावलं जात नाही’ हे ठामपणे मांडलं ते डॉर्टच्या सभेने (१६१८-१९), म्हणजे कॅल्विनपंथीय प्रोटेस्टंटांनी. बायबलमधली योहान १०:२८ आणि इब्री ६:४-६ ही वचनं दोन्ही बाजू वाचतातच. अर्थ वेगळा लावतात. वाद जरूर घाला, पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच कोणाला पाठवला असेल तर त्यांना हा खुलासाही पाठवा.